देणगी मागायची, पण लेकीचा फोटो लावून?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत): अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. नऊ वर्षांच्या लेकीला एनएफ-१, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ हा जनुकीय आजार आहे. मानेच्या एका बाजूला मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरलेली गाठ आहे आणि ती शस्त्रक्रियेनं पूर्ण निघणार नाही, असं सर्जननं सांगितलं आहे. एका विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा गाठींवर प्रकाशोपचाराचं संशोधन चालू आहे, पण पैशाअभावी ते अडलं आहे, असं त्यांच्या कानावर आलं. मंडळाच्या गणेशोत्सवात आवाहन करून पन्नास हजार डॉलर उभे करायचे, असं त्यांनी मनाशी घेतलं. मैत्रीण म्हणते, मुलीचा आणि गाठीचा फोटो लावल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. नवरा म्हणतो, पोरीचं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही आणि लोकांपुढे हात पसरायचा नाही. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणतात, "उद्या हिचं लग्न करायचंय, एवढं ध्यानात ठेव." पत्र लिहिणाऱ्या आई विचारतात, "वेळ हातातून चाललाय. मी लेकीसाठी भीक मागायलाही तयार आहे. माझं चुकतंय का?"

प्रिय ताई,

संशोधनासाठी पैसा उभा करावासा वाटण्यात काहीच चूक नाही. उलट, या आजारात आज जे काही औषध हाताशी आहे, त्याच्या मुळाशी तुमच्यासारख्याच घरांची धडपड आहे. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही लिहिलंय, "पैसे जमले की संशोधन पुढे सरकेल आणि वर्षा-दोन वर्षांत हा उपचार तिला मिळेल." लेकीचा उपचार आणि संशोधनाची देणगी या दोन गोष्टी या वाक्यात एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय नवऱ्याशी बोलणं, मंडळात उभं राहणं, रुग्णालयाला चेक देणं, काहीच धड होणार नाही, असं मला वाटतं.

आधी पैसा आणि वेळ यांचं बोलू. हा आजार वैद्यकशास्त्राला १८८२ पासून नीट माहीत आहे. फॉन रेक्लिंगहाऊझेन या जर्मन डॉक्टरानं तेव्हा त्याचं वर्णन केलं. जबाबदार जनुक सतराव्या गुणसूत्रावर सापडलं ते १९९० मध्ये. आणि मुलांमधल्या अशा गाठींसाठी पहिलं औषध, सेल्युमेटिनिब, अमेरिकेत मंजूर झालं एप्रिल २०२० मध्ये. जनुक सापडल्यापासून औषध येईपर्यंत तीस वर्षं गेली. मधल्या काळात कुणी हातावर हात ठेवून बसलेलं नव्हतं. १९७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक नर्स, एक वकील आणि एक मेंदूविकारतज्ज्ञ यांनी मिळून एक संस्था काढली, तीच आजची चिल्ड्रन्स ट्यूमर फाउंडेशन. १९९६ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाच्या निधीतून या आजारासाठी पैसा येऊ लागला. डेट्रॉइटच्या गिल्बर्ट कुटुंबानं, ज्यांच्या मुलाला हाच आजार होता, आपल्या फाउंडेशनतर्फे मोठा पैसा ओतला. त्या घरात पैशाची कमतरता नव्हती. तरी त्यांचा मुलगा निक २०२३ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही, ताई. आज दिलेल्या डॉलरचं फळ कुणाच्या पदरात कधी पडेल, हे देणाऱ्याच्या हातात नसतं, आणि हे आधीच मान्य करून दिलं तर पुढे त्या देण्याचा पश्चात्ताप होत नाही, म्हणून सांगते.

दुसरं म्हणजे, देणगी दिली म्हणून मुलीला चाचणीत जागा मिळत नाही, आणि मिळूही नये. कुणाला घ्यायचं हे वय, गाठीची जागा, आकार, आधीचे उपचार असे निकष आधी लिहून ठरवलेलं असतं. रुग्णालयाची नीतिसमिती त्यावर नजर ठेवते. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तर उपचार गुणकारी आहे का हा मुख्य प्रश्नच नसतो. तो सुरक्षित आहे का आणि मात्रा किती असावी, हे तिथे पाहतात. म्हणजे तुमची लेक त्यात गेलीच, तर ती आधी शास्त्राला मदत करणार आणि मग, झाला तर, तिला फायदा होणार. हे माहीत असून "हो" म्हणणारे आईवडील असतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तो निर्णय तुम्ही स्वतंत्रपणे, तिच्या डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा. "आपण एवढे पैसे जमवलेत, आता मागे कसं फिरायचं" हे ओझं त्या खोलीत सोबत नेऊ नका.

आता प्रकाशोपचाराबद्दल. प्रकाश म्हटलं की काहीतरी सौम्य, निरुपद्रवी डोळ्यांपुढे येतं, आणि मला वाटतं तुमची निम्मी आशा त्या शब्दानंच वाढवली आहे. म्हणून हे जरा खोलात सांगते.

ज्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, तिच्यात आधी रुग्णाला एक औषध देतात, शिरेतून किंवा त्वचेवर लावून. अंधारात ते औषध जवळपास निष्क्रिय असतं. मग ठरावीक तरंगलांबीचा, बहुतेकदा ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश गाठीवर सोडतात. औषध तो प्रकाश शोषून घेतं, ती ऊर्जा पेशीतल्या ऑक्सिजनला देतं, आणि तो अतिक्रियाशील झालेला ऑक्सिजन तिथल्या तिथे पेशी मारतो. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही एकाच जागी एकत्र आले तरच हे घडतं. त्यामुळे जिथे प्रकाश टाकू तिथेच परिणाम होईल आणि शेजारचा निरोगी भाग वाचेल, ही यातली मोठी आशा. कल्पना जुनी आहे. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. १९९५ मध्ये अमेरिकेत पॉर्फिमर सोडियम हे असं औषध अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. म्हणजे पद्धत खरी आहे, भोंदूगिरी नाही.

मुलांच्या बाबतीत विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचं काम सांगण्यासारखं आहे. अंतराळात रोपं वाढवण्यासाठी नासानं विकसित करवून घेतलेले एलईडी दिवे तिथले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हॅरी व्हेलन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या मेंदूतल्या गाठींवरच्या प्रकाशोपचारात वापरून पाहिले. पुढे त्याच गटानं एनएफ-१ च्या प्रौढ रुग्णांमध्ये, त्वचेवरच्या छोट्या गाठींवर, अमायनोलेव्ह्युलिनिक आम्ल (हेही अशाच उपचारातलं औषध) लावून लाल प्रकाश टाकण्याच्या चाचण्या केल्या. मात्र त्वचेवरची वाटाण्याएवढी गाठ वेगळी आणि तुमच्या लेकीच्या मानेत मज्जातंतूंच्या फांद्यांबरोबर पसरलेली, जन्मापासूनच असलेली गाठ वेगळी. लाल प्रकाश शरीरात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आत शिरतो. खोल गाठीत तो पोचवायचा तर सुईतून बारीक तंतू आत घालावे लागतात. आणि गाठीच्या मधून जी नस जाते, तिला धक्का लागता कामा नये, कारण मानेतली नस म्हणजे हात, आवाज, गिळणं. संशोधकांपुढचा खरा प्रश्न हाच आहे आणि त्याच्या उत्तराला वेळ लागणारच.

एक गोष्ट अगदी रोजच्या जगण्यातली. पॉर्फिमर सोडियमसारखं शिरेतून दिलेलं औषध शरीरात रेंगाळतं. निदान तीस दिवस रुग्णाला ऊन आणि घरातला झगझगीत उजेडही टाळावा लागतो. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं आणि इथे त्रास दिसणाऱ्या उजेडाचा असतो. नऊ वर्षांच्या मुलीला महिनाभर उन्हापासून दूर, घरातच ठेवायचं (अंधारात नव्हे, घरातला साधा उजेड चालतो), शाळा नाही, बाग नाही, बाहेर पडायचं तर उन्हं उतरल्यावर आणि अंगभर कपडे घालून. हे करता येतं, कुटुंबं करतात. पण उपचार सौम्य आहे असं धरून चालू नका. आणि त्याच दमात सांगते, ऑनलाइन मिळणारे "रेड लाइट"चे दिवे, पट्टे, मास्क यांपैकी काहीही तिच्या गाठीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. त्यांचं काम निराळं असतं. पेशी मारण्याऐवजी त्यांना चालना देण्यासाठी ते विकले जातात. गाठीच्या बाबतीत ही चालना नको असेल तर?

मग पन्नास हजार डॉलरनं काय होईल? मुलांवरची एक पूर्ण चाचणी त्यात होत नाही, हे स्पष्टच सांगते. पण मोठा सरकारी निधी मागायला संशोधकाकडे आधी काही प्राथमिक निष्कर्ष असावे लागतात, आणि ते निष्कर्ष मिळवायला पैसा सहज मिळत नाही. देणगीचं मोल इथेच सगळ्यात जास्त. प्रकाश किती खोल गेला हे मोजणारं उपकरण, उंदरांवरचा एक प्रयोग, तरुण संशोधकाचा काही महिन्यांचा पगार, आकडेमोड करणाऱ्या सांख्यिकीतज्ज्ञाचा वेळ. अशा एखाद्या कामासाठी जमवलेले पन्नास हजार पुढच्या मोठ्या निधीचं दार उघडू शकतात. "आम्ही उपचार आणणार" असं न म्हणता "या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही मदत करतोय" असं तुम्ही म्हणालात, तर ते खरं असेल आणि देणाऱ्यालाही ते कळेल.

इथून पुढे फोटोचा मुद्दा सोपा होतो. तुम्ही लेकीच्या उपचारासाठी पैसे मागतच नाही आहात, मग तिचा चेहरा तिथे का हवा? मैत्रीण म्हणते ते खोटं नाही, फोटो पाहून लोक द्रवतात. पण मंडळ म्हणजे अनोळखी गर्दी नाही. त्याच हॉलमध्ये तुमची लेक लेझीमच्या तालमीला जाते, नाटुकलीत पाठ केलेले संवाद म्हणते, प्रसादाच्या रांगेत तिच्याच वयाच्या मुलांबरोबर ढकलाढकली करते. पुढच्या वर्षी तिच्या मागे उभी असलेली मावशी तिच्या मानेकडे बघणार, आणि पोरांना हे कळतं. इंटरनेटवर टाकलेला फोटो ती अठरा वर्षांची झाली, नोकरीला लागली, तरी तिच्या नावाला चिकटून राहील. नवऱ्याचा विरोध तुम्हाला भेकडपणा वाटतो असं पत्रावरून जाणवलं. मला त्यात एका बापाची राखण दिसते. एवढ्या मुद्द्यावर ते बरोबर आहेत, असं त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. बाकीचं बोलणं त्यानंतर होईल.

आणि लेकीला विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्याला काय झालंय हे कळलेलं असतं, बहुतेक वेळा आपण समजतो त्याहून जास्त. गाडीत मागच्या सीटवर बसून तिनं तुमचे आणि सासूबाईंचे फोन ऐकले असतीलच. "आम्ही या आजारावरच्या अभ्यासासाठी पैसे जमवायचं म्हणतोय. तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. तिचा नकार आला तर तो शेवटचा. होकार आला, तरी आज दिलेला होकार तिला उद्या मागे घेता येईल, हेही तिला सांगा. ती मोठी होऊन स्वतःहून बोलली, तर ते तिचं बोलणं असेल.

"हात पसरणं" हा शब्द तुमच्या यजमानांनी वापरला आणि मग तुम्हीही "भीक" लिहिलंत. ताई, आपल्याकडे गल्लीतल्या गणपतीची वर्गणी मागायला पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात, ती भीक असते का? शाळेच्या इमारतीला, वाचनालयाला, वसतिगृहाला वर्गणी मागून महाराष्ट्रात केवढी कामं उभी राहिली. आपल्यासाठी मागताना मान खाली जाते, कारण ते ऋण असतं. कामासाठी मागताना तसं वाटायचं कारण नाही, फक्त हिशेब चोख हवा. तुमच्या यजमानांना हिशेबाची बाजू सांभाळायला सांगा. खरंच सांगा. विरोध करणाऱ्या माणसाला पावत्यांची जबाबदारी दिली की तो त्या कामाचा सगळ्यात काटेकोर राखणदार होतो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

सासूबाईंचं लग्नाचं काढणं तुम्हाला लागलंय. त्या वाईट नाहीत, घाबरल्या आहेत. त्यांना दोन गोष्टी शांतपणे सांगा. पहिली, हा आजार साधारण तीन हजारांत एका बाळाला होतो आणि त्यातल्या निम्म्या मुलांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, जनुकातला बदल त्या बाळातच नव्यानं झालेला असतो. कुणाच्या माहेरचा, कुणाच्या सासरचा, हा शोध थांबवा. (तुम्हा दोघांची तपासणी झाली नसेल, तर जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन या. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर नक्कीच.) दुसरी, लेक मोठी होऊन तिला मुलं हवी असतील, तेव्हा प्रत्येक मुलाला हा आजार जाण्याची शक्यता निम्मी असेल. तेव्हा ती आणि तिचा जोडीदार मिळून डॉक्टरांशी बोलतील. जोडीदारापासून हे लपवायचं नाहीच. मग ते आज घरात कुजबुजत बोलून तिला काय शिकवायचं? तिच्या शरीरात लाजण्यासारखं काही आहे, हे? चव्हाट्यावर न मांडणं वेगळं आणि लपवणं वेगळं. पहिलं मला मान्य आहे, दुसऱ्याची किंमत तिलाच मोजावी लागेल.

आता पैसा कुठे द्यायचा. स्वतःची नवी संस्था काढू नका. नोंदणी, कर, दरवर्षीची विवरणपत्रं यांत तुमची संध्याकाळ जाईल, आणि ती संध्याकाळ तुमच्या लेकीची आहे. वैयक्तिक क्राउडफंडिंगचं पानही नको. एका ठरावीक व्यक्तीसाठी दिलेल्या पैशावर अमेरिकेत देणगीदाराला करसवलत मिळत नाही, आणि पैसे तुमच्या खात्यातून फिरले की शंकेला जागा राहते. मग दोन रस्ते उरतात. एक, त्या रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या देणगी विभागात त्या संशोधनापुरताच राखीव निधी. दुसरा, चिल्ड्रन्स ट्यूमर फाउंडेशनसारखी संस्था, जिथे कोणता प्रकल्प चांगला हे इतर शास्त्रज्ञ तपासून ठरवतात. पहिल्यात पैसा प्रकाशोपचारालाच जातो, पण त्या प्रयोगशाळेवर सगळी भिस्त. दुसऱ्यात तुमच्या आवडीचा विषय निवडला जाईलच असं नाही, पण पारख जास्त. माझा कल असा आहे: रुग्णालयानं खालच्या प्रश्नांची उत्तरं लेखी दिली तर राखीव निधी, टाळाटाळ केली तर फाउंडेशन.

प्रश्न हे. संशोधन अडलंय म्हणजे नेमकं कशासाठी, आणि किती रक्कम मिळाली की पुढची पायरी होईल? काम सध्या प्राण्यांवर आहे की माणसांवर? आमच्या देणगीतला किती हिस्सा संस्थेच्या सर्वसाधारण खर्चाला कापला जाईल? मुख्य संशोधक दुसरीकडे गेला किंवा प्रकल्प बंद पडला तर उरलेला पैसा कुठे जाईल? वर्षातून एकदा आम्हाला समजेल अशा भाषेत अहवाल मिळेल का, प्रयोग फसला असला तरी? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. फसलेला प्रयोग म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे. या औषधानं, या मात्रेत, होत नाही, हे कळलं की पुढच्या मुलांवर तो प्रयोग टळतो. तुमच्या देणगीदारांना हे आधीच सांगून ठेवा. "पैशाअभावी संशोधन अडलंय असं कानावर आलं" असं तुम्ही लिहिलंय, तर पहिलं काम हेच, ज्या डॉक्टरांकडून ऐकलंत त्यांना थेट विचारा. संशोधक स्वतः देणगीदारांशी अर्धा तास बोलायला बहुतेक वेळा आनंदानं तयार होतात.

मंडळातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी मोठ्या कंपनीत असेल. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, पण त्यासाठी अर्ज भरावा लागतो आणि लोक विसरतात. एक उत्साही स्वयंसेवक केवळ याच कामाला बसवा. अडीचशे डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला करासाठी संस्थेची लेखी पोच लागते, ती रुग्णालयाचा विभाग देतो. म्हणून रोख गोळा करू नका, त्यांच्याच पानाचा क्यूआर कोड छापा. सांगली-पुण्याचे नातेवाईक द्यायचं म्हणाले, तर त्यांना सांगा की परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर भारतात प्राप्तिकराची ८०जी ची वजावट मिळत नाही. त्यांनी तिथल्याच एखाद्या नोंदणीकृत रुग्णालयाच्या बालविभागाला दिलं तर जास्त चांगलं.

मंडळात काय बोलायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच आवाज अडखळतो. मी असं बोलले असते: "नमस्कार. मज्जातंतूंवर गाठी येणारा एनएफ-१ नावाचा एक आजार आहे. तीन हजारांत एका मुलाला होतो, म्हणजे आपल्या ओळखीत कुणाला तरी असू शकतो. काही मुलांच्या गाठी शस्त्रक्रियेनं निघत नाहीत. प्रकाशाच्या मदतीनं त्या आटोक्यात आणता येतील का, यावर अमुक रुग्णालयात अभ्यास चालू आहे. अभ्यासाच्या पुढच्या पायरीला इतके डॉलर लागणार आहेत. यश येईलच असं त्यांनी सांगितलेलं नाही, आम्हीही सांगत नाही. पैसा थेट रुग्णालयाच्या राखीव निधीत जाईल आणि वर्षानं काय झालं ते इथेच सांगू. आमच्या कुटुंबाला हा विषय जवळचा आहे, म्हणून आम्ही उभे आहोत." शेवटच्या वाक्याच्या पुढे कुणी खोदून विचारलं, तर "त्याबद्दल आम्ही घरापुरतंच बोलतो" एवढं पुरे. फोटो हवाच असेल तर दिव्यांच्या उपकरणाचा लावा, प्रयोगशाळेचा लावा. या आजाराचा एखादा प्रौढ रुग्ण स्वखुशीनं बोलायला तयार असेल तर त्याला बोलवा. जागतिक एनएफ जागृती दिन १७ मे रोजी असतो. गणेशोत्सवाच्या गर्दीपेक्षा तेव्हाची छोटी बैठक जास्त कामाची ठरू शकते, तिचाही विचार करा.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्या आणि संशोधनासाठी नव्हे तर आपल्याच मुलाच्या उपचारासाठी पैसे शोधणाऱ्या घरांना एक सांगते. फोटो टाकून आवाहन करण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर न्या.

ताई, आता लेकीचं. प्रकाशोपचाराकडे डोळे लावून बसताना आज मिळणारं मागे पडू देऊ नका. सेल्युमेटिनिबच्या अमेरिकेतल्या मुख्य चाचणीत ५० मुलं होती. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश मुलांच्या गाठी निदान वीस टक्क्यांनी आक्रसल्या. गाठ नाहीशी होत नाही, औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं, पुरळ, नखांभोवती सूज, पोटाचे त्रास होतात, हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात. तरी अनेक मुलांचं दुखणं कमी झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिर्डामेटिनिब हे दुसरं औषधही तिथे मंजूर झालं. यांपैकी काही तिला लागू पडतं का, हे तुम्ही विचारलंय की नाही ते पत्रात नाही. विचारलं नसेल तर हा प्रश्न निधीच्याही आधी. शक्य असेल तर एनएफच्या खास क्लिनिकमध्ये दाखवा, तिथे एकाच छताखाली मेंदूविकार, डोळे, हाडं, शाळेतल्या अडचणी असं सगळं पाहतात. रक्तदाब आणि डोळ्यांची तपासणी दरवर्षी चुकवू नका. अभ्यासात ती मागे पडत असेल तर तिला आळशी म्हणू नका, या आजारात शिकण्याच्या अडचणी पुष्कळ मुलांना असतात आणि शाळेकडून त्यासाठी मदत मागता येते. गाठ अचानक भराभर वाढली, कडक लागली, रात्री झोपमोड करणारं दुखणं सुरू झालं किंवा हातातली ताकद कमी वाटली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. बहुतेक गाठी साध्याच राहतात, पण काहींचं रूपांतर कर्करोगात होऊ शकतं आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

तुमच्या पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ आहे, रात्री दोन वाजता लॅपटॉपवर शोधनिबंध वाचत बसते, अशी. एनएफच्या मुलांच्या आईवडिलांचे गट आहेत. त्यांतल्या एखाद्या आईशी दर आठवड्याला अर्धा तास बोला. निधीच्या कामात ती मदत करील की नाही ते सोडा, "वेळ हातातून चाललाय" ही भीती तिला न समजावता समजेल.

क्रम असा ठेवा. आधी लेकीच्या डॉक्टरांकडे औषधाचा प्रश्न. मग नवऱ्याबरोबर बसून फोटो न लावण्याचा निर्णय. मग देणगी विभागाला वरच्या प्रश्नांचा ईमेल. त्यांचं लेखी उत्तर आल्यावरच मंडळाच्या कार्यकारिणीला पत्र लिहा, आणि ते तुम्ही दोघांनी सही करून पाठवा. गणेशोत्सवाचे कार्यक्रम दोन-तीन महिने आधीच ठरतात. तोपर्यंत उत्तर नाही आलं, तर दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मागा.